रंग शेवटी, आधी खालचं बघा

जुना फिल्म कॅमेरा काळा करून घ्यायची हौस बहुतेकांना लाइका पाहून लागते. पूर्वीच्या काळ्या लाइकांवर पितळेवर रंग असे. वापरात कडा झिजल्या की पिवळं पितळ डोकावायचं, आणि ते झिजणंच पुढे मिरवायची गोष्ट झाली. २०१५ साली लाइकाने ‘करस्पॉन्डंट’ नावाची मर्यादित आवृत्ती काढली, तीही कारखान्यातच झिजवून! लाइका परवडणारी नव्हती, म्हणून मी रंगवायला झोर्की-४ घेतला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये १९५६ ते १९७३ या काळात हा कॅमेरा लाखोंनी बनला. तो थोडा बिघडला तरी इतिहासाचं नुकसान होत नाही. मूळ रंगातली खरी लाइका हाती आली, तर मात्र तिला कितीही ओरखडे असोत, तशीच ठेवा. संग्राहक पैसे मोजतात ते त्या मूळ रंगाचे.

रंगाचा डबा आणण्याआधी वरचं झाकण कशाचं आहे ते ठरवा. दिसण्यावर जाऊ नका. १९७६ च्या कॅनन एई-१ चं झाकण हुबेहूब धातूसारखं दिसतं, पण ते प्लास्टिकचं असून त्यावर मुलामा दिलेला आहे. पेंटॅक्स के१००० सुरुवातीला धातूच्या झाकणाचा होता, नंतरचे प्लास्टिकच्या झाकणाचे आले. अशा झाकणावर अ‍ॅसिटोन किंवा कडक थिनर पडला की प्लास्टिक विरघळतं, आणि रंग भाजायला ओव्हनमध्ये ठेवलं तर ते वाकतं. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमही त्याला चिकटत नाहीत. झाकण काढून आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, टोकदार सुईने किंचित खरवडून बघावं.

धातूच्या झाकणावरचं क्रोम हे खरं दुखणं. त्यावर रंग नुसता बसवला तर नखानेही निघतो. म्हणून काहीजण ते अ‍ॅसिडने उतरवतात. घरी हे करू नका. वाफा घशाला लागतात, आणि उरलेलं क्रोममिश्रित हिरवट पाणी मोरीत ओतण्यासारखं नसतं. क्रोम काढायचंच असेल, तर प्लेटिंगचं काम करणाऱ्या कारखान्यात द्या. मी ते ठेवलं. वॉटर पेपर ओला करून चकाकी मोडली, स्पिरिटने तेलकटपणा पुसला आणि गाड्या रंगवणारे वापरतात तो एचिंग प्रायमर पातळ मारला. क्रोम सुकं घासून त्याची धूळ मात्र उडवू नका.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो झाकण उघडण्याने. झोर्कीत झाकण निघण्याआधी रेंजफाइंडरच्या गोल खिडकीची कडी काढावी लागते. आतली काच जराशी फिरली, की जुळायच्या दोन प्रतिमा वर-खाली होतात. तिची मूळ जागा आधी पेन्सिलीने खुणावून ठेवा. शटरस्पीडची चकती काढताना शटर ताणलेलं होतं की सोडलेलं, तेही लिहून ठेवा. या कॅमेऱ्यात स्पीड बदलायचा तो रोल पुढे सरकवल्यावरच, नाहीतर यंत्रणा दुखावते. म्हणून चकती उलटसुलट बसली तर रंग सुंदर आणि कॅमेरा बंद, अशी गत होते. कित्येक रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत आत अर्धपारदर्शक आरसा असतो. त्यावरची धूळ कापसाने पुसायला जाल, तर चंदेरी थरही धुळीबरोबर निघून जाईल. फुंकणीने हवा मारा, बस. जपानी कॅमेरा असेल तर साधा फिलिप्स पेचकस स्क्रूची खाच खाऊन टाकतो. जेआयएस मापाचा आणा.

रंगासाठी पावसाळा टाळा. लॅकर मारल्यावर थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. जुलैत मारलेल्या माझ्या पहिल्या थरावर दुधावरच्या सायीसारखा पांढरेपणा आला. कोरड्या हवेत पुन्हा घासून मारला, तेव्हा काळा काळाच राहिला. हार्डनर घालायचा दोन घटकांचा रंग टिकतो खरा, पण त्यात आयसोसायनेट असतात. फडक्याचा रुमाल किंवा साधा मास्क त्यांना अडवत नाही. ते काम योग्य मास्क आणि हवेशीर बूथ असलेल्या गॅरेजवाल्याकडे सोपवलेलं बरं. थर पातळ हवेत. जाड मारला की कोरलेली अक्षरं बुजतात. रंग कडक झाल्यावर अक्षरांत पांढरा भरून वरचा लगेच पुसायचा. बोटाला कोरडा लागला म्हणजे आतूनही कडक झाला असं नसतं, तेव्हा झाकणाच्या आतल्या काठावर नख दाबून खात्री करून घ्या. निव्वळ पितळी झाकण मंद आचेत भाजता येतं, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही, आणि खिडक्यांच्या काचा त्यातून आधी काढलेल्या हव्यात.

सगळं जोडल्यावर रोल घालायची घाई नको. लांबच्या टॉवरकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे बघा. लेन्स अनंतावर असताना रेंजफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एक झाल्या, तर पुढे चला. नाहीतर झाकण पुन्हा उघडायचं आहे, आणि नव्या रंगावर पहिला ओरखडा तेव्हाच पडणार आहे.