मांजराने विष खाल्ले तर

शेतकऱ्याच्या घरात मांजर असतेच. कोणी ते हौसेने पाळतो, तर कोणाच्या घरी ते आपले आपण येऊन राहते. वाटीभर दूध आणि उरलीसुरली भाकरी एवढ्यावर ते खूश असते. पण काम केवढे करते! उंदीर पोती कुरतडतात, कणगीत शिरतात, जपून ठेवलेल्या बियाण्याची नासाडी करतात. ज्या घरात मांजर फिरते, त्या घरात उंदीर बिचकून असतात. म्हणून मांजर हे घरचेच एक माणूस.

या घरच्या माणसावर कधी कधी मोठे संकट येते. ते भलतेच काहीतरी खाऊन बसते. मग घरात धावपळ होते. एक म्हणतो, “दूध पाजा.” दुसरा म्हणतो, “मिठाचं पाणी ओता, ओकून टाकेल.” तिसरा म्हणतो, “काही होत नाही हो, मांजर मोठं चिवट असतं.” या गडबडीत वेळ जातो आणि मांजरही जाते.

अशा वेळी नेमके काय करावे आणि काय करू नये, ते या पाठात आपण पाहू. ही माहिती मांजरापुरतीच नाही. जे विष मांजराच्या तोंडाशी पोचते, ते रांगत्या मुलाच्या हातीही लागू शकते.

मांजराला धोका जास्त का?

पहिले कारण त्याचे वजन. मोठे मांजर साधारण ४ किलोचे असते. मोठा माणूस ६० किलोचा धरा. म्हणजे एका माणसात १५ मांजरे बसली. माणसाला एक गोळी म्हणजे काहीच नाही. मांजराला तीच गोळी माणसाच्या १५ गोळ्यांसारखी होते.

दुसरे कारण त्याची सवय. मांजर दिवसभर अंग चाटते. पायाला फिनेल लागले, पाठीवर औषध सांडले, तर ते चाटून चाटून पोटात जाते. त्याने विष खाल्लेले कोणी पाहत नाही, तरी विष पोटात गेलेले असते.

तिसरे कारण त्याचे काळीज. मराठीत ज्याला यकृत म्हणतात, ते पोटातले विष मोडून काढते. काही औषधे मोडण्याची शक्ती माणसाच्या यकृतात असते, मांजराच्या यकृतात ती फारच कमी असते. म्हणून माणसाचे औषध ते मांजराचे विष.

ओळखावे कसे?

मांजर ओकते. तोंडातून लाळ गळते. चालताना झोकांड्या जातात. अंग थरथरते, झटके येतात. धाप लागते. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा तपकिरी दिसतात. एरवी पायात घोटाळणारे मांजर कोनाड्यात, पलंगाखाली जाऊन लपते आणि हाक मारली तरी येत नाही.

पण ही चिन्हे दिसेपर्यंत थांबू नये. काही विषे काही मिनिटांत चढतात, तर काही विषे तीन-चार दिवस काहीच दाखवीत नाहीत. विष खाल्ले असा नुसता संशय आला तरी दवाखान्याची वाट धरावी.

लगेच काय करावे?

१. मांजराला विषापासून दूर करा. तोंडाशी काही चिकटले असेल तर ओल्या फडक्याने पुसा. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा.

२. मांजराला एका खोलीत किंवा टोपलीत ठेवा. मोकळे सोडले तर ते कुठे तरी दडून बसेल आणि शोधण्यात वेळ जाईल.

३. काय खाल्ले ते शोधा. पुडी, बाटली, गोळ्यांचे पाकीट, उरलेला तुकडा, जे सापडेल ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मोबाईल असेल तर पुडीवरच्या अक्षरांचा फोटो काढा.

४. गुरांच्या दवाखान्यात फोन करा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक घरच्या भिंतीवर आधीच लिहून ठेवावा. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा मोफत क्रमांकही आहे.

५. मांजराला टॉवेलात गुंडाळा, झाकणाच्या टोपलीत ठेवा आणि निघा. घाबरलेले मांजर मालकालाही चावते. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर फोनवर काय विचारतील? समजा, असे बोलणे झाले :

“डॉक्टरसाहेब, आमच्या मांजरानं उंदराचं औषध खाल्लंय.”

“कोणतं औषध? पुडीवर काय लिहिलंय ते वाचा.”

“झिंक फॉस्फाइड असं लिहिलंय, साहेब.”

“कधी खाल्लं?”

“अर्धा तास झाला असेल.”

“किती खाल्लं?”

“पिठाच्या दोन गोळ्या ठेवल्या होत्या. त्यातली एक दिसत नाही.”

“ओकलं का?”

“अजून नाही.”

“बरं. खायला काही देऊ नका, काही पाजू नका. पुडी घेऊन तसेच निघा.”

पाहा, चार-पाच वाक्यांत डॉक्टरांना सगळे कळले. मांजर दवाखान्यात पोचेपर्यंत ते औषधाची तयारी करून ठेवतील. ज्याला पुडी वाचता आली नसती, तो एवढेच म्हणाला असता, “काहीतरी काळं काळं खाल्लंय हो!” वाचता येण्याचा असा उपयोग होतो.

काय करू नये?

दूध पाजू नका. दुधाने विष मरत नाही. काही विषांवर तर पोटात अन्न गेले की विष जास्त जोर करते.

मिठाचे पाणी पाजू नका. ४ किलोच्या जिवाला ते मीठच विषासारखे होते.

तेल किंवा तूप घशात ओतू नका. मांजर तडफडत असते. तेल पोटात न जाता फुप्फुसात जाते आणि नवे दुखणे सुरू होते.

घशात बोट घालून ओकारी काढू नका. फिनेल, रॉकेल, आम्ल अशा वस्तू खाली जाताना घसा भाजतात आणि वर येताना पुन्हा भाजतात. ओकारी काढायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. त्यांच्याजवळ त्याचे इंजेक्शन असते. पोटातले विष शोषून घेणारी कोळशाची औषधी पूडही असते. चुलीतला कोळसा म्हणजे ती पूड नव्हे.

मांजर बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. कुशीवर निजवा आणि तसेच न्या.

गावातली नेहमीची विषे

पहिले विष झिंक फॉस्फाइड. ही काळसर करडी पूड असते. तिला लसणासारखा उग्र वास येतो. उंदीर मारण्यासाठी भरड्यात किंवा पिठात तेल घालून तिच्या गोळ्या करतात. कोणी भज्यात घालतो, कोणी बोंबलाला लावतो. मग मांजर का सोडील? पोटातल्या आम्लाशी ही पूड मिळाली की विषारी वायू तयार होतो. पोटात अन्न गेले की आम्ल वाढते आणि वायूही वाढतो. म्हणून खायला देऊ नये. या विषावर नेमका उतारा नाही. डॉक्टर सलाइन व इतर औषधे देऊन जीव सावरण्याची खटपट करतात. म्हणून इथे घाई फार महत्त्वाची. आणखी एक ध्यानात ठेवा. मांजर ओकले तर त्या ओकारीतूनही तोच वायू येतो आणि तो माणसालाही बाधतो. दारे-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, ओकारीवर वाकू नका.

दुसरे विष ब्रोमॅडिओलोन. हे बहुधा वडीच्या रूपात मिळते. हे खाल्ले की रक्त गोठत नाही. पण लगेच काहीच दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी मांजर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून किंवा शौचातून रक्त जाते. हे विष खाऊन सुस्तावलेले उंदीर मांजराने खाल्ले, तरी त्यालाही बाधा होऊ शकते. पण याला उतारा आहे. जीवनसत्त्व के-१ हे औषध डॉक्टर देतात. ते कित्येक आठवडे द्यावे लागते. मांजर खेळू लागले म्हणून मधेच सोडू नये.

तिसरे विष आपल्या घरातलीच तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल. ही गोळी बहुतेक वेळा मांजर चोरून खात नाही. आपणच प्रेमाने देतो. “मनीचं अंग गरम लागतंय, पाव गोळी देऊन बघू या,” असे म्हणतो. या गोळीने मांजराचे रक्त बिघडते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास पुरत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. यालाही उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच गुण येतो. माणसाचे कोणतेही औषध मांजराला मनाने देऊ नये.

चौथे विष गोचिडांचे औषध. गाईम्हशींच्या आणि कुत्र्याच्या अंगावर लावायच्या औषधांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिन असते. गाईला ते सोसते. मांजराला सोसत नाही. त्याचे अंग थरथरू लागते, मग झटके येतात. मांजराच्या अंगावर हे औषध पडले आणि मांजर शुद्धीवर असेल, तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने अंग धुवा. कढत पाणी घेऊ नका. अंग कोरडे करा, चाटू देऊ नका, आणि दवाखान्यात न्या.

पिकावर फवारायची औषधे, फिनेल, आणि कांदा-लसूण घातलेले कालवण हीही मांजराला बाधतात. फिनेलने पुसलेली जमीन वाळेपर्यंत मांजराला आत घेऊ नये.

पुडीवरची चौकट

कीटकनाशकांचा कायदा १९६८ साली झाला. त्याचे नियम १९७१ साली आले. त्या नियमांप्रमाणे शेतीच्या व उंदरांच्या विषाच्या पुडीवर एक चौकट छापलेली असते. हा चौकोन एका टोकावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो.

लाल रंग : अतिशय विषारी. याच्या वर कवटी आणि हाडांची खूण असते.
पिवळा रंग : फार विषारी.
निळा रंग : मध्यम विषारी.
हिरवा रंग : कमी विषारी.

हिरवा रंग म्हणजे निर्धोक असे समजू नका. माणसाला जे कमी, ते मांजराला पुष्कळ होते. पुडीबरोबर एक माहितीपत्रक मिळते. त्यात विष बाधल्याची चिन्हे आणि उतारा लिहिलेला असतो. ते फेकून देऊ नका. आधी वाचा आणि जपून ठेवा.

विष पोटात जाऊच नये म्हणून

ज्या घरात मांजर आहे, त्या घरात शक्यतो पिंजऱ्याने किंवा चापाने उंदीर धरावेत. विष ठेवायचेच असेल तर जिथे मांजर, कुत्रे, कोंबड्या आणि मुले पोचणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावे. किती गोळ्या ठेवल्या ते मोजून ठेवावे. सकाळी उरलेल्या गोळ्या मोजून उचलाव्यात. मेलेले उंदीर उकिरड्यावर टाकू नयेत. विहिरीपासून लांब खोल खड्डा करून पुरावेत. विष कधीही खाण्याच्या डब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. त्याची जागा उंचावर, कुलपात.

आणि चुकून मुलाच्या तोंडात विष गेले, तर वर सांगितलेलेच नियम. घरी काही पाजू नका, ओकारी काढू नका. पुडी बरोबर घ्या, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि दवाखाना गाठा.

लक्षात ठेवा

चिन्हे दिसायची वाट पाहू नका.
घरचा उतारा घशात ओतू नका.
पुडी वाचा, पुडी बरोबर न्या.
माणसाचे औषध मांजराला देऊ नका.

प्रश्न

१. माणसाची एक गोळी मांजराला जास्त का बाधते?
२. मांजराने विष खाल्ले तर दूध का पाजू नये?
३. डॉक्टर फोनवर कोणत्या गोष्टी विचारतील?
४. मेलेल्या उंदरांचे काय करावे?
५. आपल्या घरात उंदरांचे किंवा फवारणीचे औषध आहे का? त्याचे नाव वाचा. चौकटीतला रंग कोणता ते वहीत लिहा.
६. जवळच्या गुरांच्या दवाखान्याचा फोन क्रमांक विचारून घ्या आणि मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.