मुतखड्यापायी दूध सोडू नका

मुतखडा एकदा लघवीवाटे पडून गेला की माणूस ‘सुटलो बाबा’ म्हणतो आणि पुन्हा पहिल्यासारखा वागायला लागतो. खरा धोका तिथेच आहे. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पुढच्या दहा वर्षांत तो पुन्हा होतो. मला दोनदा झाला. त्यातून जे कळलं ते आपल्या गडहिंग्लज भागातल्या लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, कानावर घालायचं आहे.

मी प्राथमिक शिक्षिका. सकाळच्या एसटीनं गावी जायचं, संध्याकाळी परत. तेव्हाच्या शाळेत स्वच्छतागृहाला कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. मग आम्ही बायका पाणीच कमी प्यायचो. मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली शिकवून घसा सुकायचा, तो मधल्या सुट्टीतल्या चहावर भागवायचा. संध्याकाळी लघवी गडद पिवळी व्हायची, जळजळ व्हायची. ‘उन्हाळी लागलीय’ म्हणायचं आणि कामाला लागायचं.

पहिली कळ रात्री आली. उजव्या कुशीत बरगडीखाली सुरू झाली आणि जांघेत उतरली. बसवेना, निजवेना, वर उलट्या. दवाखान्यात इंजेक्शननं कळ थांबली. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत पाच मिलिमीटरचा खडा दिसला. एवढा खडा बहुतेक वेळा आपसूक पडतो, म्हणून औषधं देऊन लघवी गाळून बघायला सांगितलं. शेवटी तो गाळणीत आला. तपकिरी, खरबरीत, कडेनं बारीक टोकं आलेला. एवढ्याशा कणानं माणूस लोळागोळा होतो, हे डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना. प्रयोगशाळेत तपासला, तर कॅल्शियम ऑक्झलेट. दहांतले सात-आठ मुतखडे याच जातीचे असतात.

कॅल्शियमचं नाव निघताच घरच्यांनी, शेजारणींनी मायेनं एकच सांगितलं: दूध-दही बंद. टोमॅटो आणि बोअरचं पाणीही बंद. तसं झालं. ताटातली शेंगदाण्याची चटणी, पालकाची भाजी, आजऱ्याकडचे काजू, लोणचं-पापड मात्र तसंच राहिलं, कारण त्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. पुढे डाव्या बाजूला दुसरा खडा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या तज्ज्ञांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून आणायला लावली. ती लिटरभरही भरली नाही. त्यात ऑक्झलेट जास्त आणि सायट्रेट कमी निघालं.

गुऱ्हाळावरून आणलेली काकवी फार दाट असली की बरणीच्या तळाशी साखर धरते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लघवी दाट झाली की तिच्यातही तसंच घडतं. कॅल्शियम आणि ऑक्झलेट प्रत्येकाच्या लघवीत असतात. पाणी पुरेसं असेल तर ते विरघळलेले राहतात, कमी पडलं की एकमेकांना धरून स्फटिक होतात. बहुतेक स्फटिक वाहून जातात. पण मूत्रपिंडाच्या आत, जिथून लघवी बाहेर येते त्या टोकांवर, काही जणांमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक थर असतात. अमेरिकेतल्या अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये ते दाखवून दिले. अशा थराला चिकटून स्फटिक थरावर थर चढवत वाढतो. सायट्रेट याच्या आड येतं. ते कॅल्शियमला आपल्याशी बांधून ठेवतं आणि स्फटिकांना जुळू देत नाही.

आता दुधाचं. पालक, राजगिऱ्याची भाजी, बीट, शेंगदाणे, काजू, तीळ यांत ऑक्झलेट असतं. पालकात तर फारच, शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. जेवणात दही-ताक असेल तर त्यातलं कॅल्शियम आतड्यातच या ऑक्झलेटला धरतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दही-दूध नसेल तर मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. इटलीतल्या डॉक्टरांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढंच ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांमध्ये तो १२ जणांनाच झाला. हे वाचलं आणि मी जेवणात ताक पुन्हा सुरू केलं.

मिठाचा संबंध अनेकांना माहीत नसतो. मीठ जास्त गेलं की मूत्रपिंड त्याच्यासोबत कॅल्शियमही लघवीत सोडतं. म्हणून दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर मिठाच्या वर जाऊ नये. त्यात खर्डा, लोणचं, फरसाण सगळं धरायचं. मटण-मासे रोज खाल्ल्यानं लघवीतलं सायट्रेट घटतं, कधीमधी खायला हरकत नाही. टोमॅटोत ऑक्झलेट फार थोडं असतं, तो खा. बोअरच्या पाण्याच्या जडपणापेक्षा पाणी किती पितो याला कितीतरी जास्त महत्त्व आहे. पालक करायचाच तर उकळून पाणी फेकून द्या आणि दह्यासोबत खा. क जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, शरीरात त्यांचं काही अंशी ऑक्झलेट होतं. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती जेवणासोबत घ्या.

पाणी किती प्यावं, याचं माप ग्लासांवर नाही, लघवीवर ठेवा. दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी साधारण तीन लिटर पाणी लागतं. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, उन्हात राबणाऱ्याला त्याहून जास्त. रंग फिका राहिला पाहिजे. झोपण्यापूर्वीही ग्लासभर प्या. पाण्यात लिंबू पिळा, साखर-मीठ नको. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

हुलग्याचं माडगं आवडीनं खा, पण त्यानं किंवा पानफुटीच्या पानानं खडा विरघळेल यावर भिस्त ठेवू नका. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळवणारं औषध अजून नाही. बिअरनं खडा पडतो हेही खरं नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच, असंही समजू नका. अडकलेला खडा न दुखता मूत्रपिंड निकामी करू शकतो, म्हणून पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करा. कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. पडलेला खडा फेकू नका, तपासायला द्या. पुन्हा पुन्हा खडे होत असतील तर चोवीस तासांची लघवी आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.

माझ्या बहिणींना आणखी एक सांगते. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी तोडणारी बाई शाळेत आहे, बाजारात आहे, एसटी स्टँडवर आहे आणि फडातही आहे. तिला ‘भरपूर पाणी पी’ एवढंच सांगून भागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत कडी असलेल्या, पाणी असलेल्या स्वच्छतागृहाची मागणी नाव घालून, लेखी करा आणि ठरावात नोंदवून घ्या. आम्ही चौघीजणींनी मिळून अर्ज दिला, तेव्हा कडी बसली आणि नळही आला. तिथून पुढे माझी पाण्याची बाटली शाळेतच रिकामी व्हायला लागली.