काटा २.८ वरच

माझी बरीचशी नोकरी चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणींत सर्व्हेअर म्हणून झाली. कोळसा काढून रिकाम्या झालेल्या गॅलऱ्यांत पाणी भरतं. सगळं उपसणं परवडत नाही, म्हणून काही ठिकाणी ते काँक्रीटच्या भिंतीमागे कोंडून ठेवतात. खाणीत तिला डॅमच म्हणतात. पलीकडे पाणी, अलीकडे आमची माणसं. त्या पाण्यावर नजर ठेवता ठेवता जे कळलं, ते असं.

१. न हलणाऱ्या काट्यावर भरवसा ठेवू नका.
डॅममधून एक पाइप बाहेर काढून त्यावर प्रेशर गेज बसवतात. हिशोब सोपा आहे. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब म्हणजे मागे साधारण १० मीटर उंच पाणी. एका पावसाळ्यात रजिस्टरात सलग सहा आठवडे, तिन्ही पाळ्यांत २.८ लिहिलेलं होतं. जमिनीवरून मारलेल्या बोअरमध्ये टेप सोडला, तर पाणी चांगलंच चढलेलं. पंप खलाशी काकांना घेऊन खाली गेलो. त्यांनी कॉक बंद केला, पान्यानं गेज उतरवला आणि माझ्या कॅप लॅम्पसमोर धरला. पाइपाशी संबंध तुटलेला, तरी काटा २.८ वरच! "साहेब, हा बाजारात नेला तरी एवढंच दाखवते," काका म्हणाले. कॉक उघडला, काहीच आलं नाही. तार खुपसल्यावर आधी काळा गाळ, मग पाण्याची धार. नवा गेज ४ वर जाऊन थांबला. ४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच भिंतीवर ४०० टन भार, आणि आम्ही २८० धरून चाललो होतो.
तेव्हापासून आधी कॉक बंद करून दाब सोडायचा, काटा शून्यावर येतो का बघायचं, मगच आकडा लिहायचा.

२. झिरपणाऱ्या डॅमला घाबरू नका, पाझराचा रंग बघा.
थोडं पाणी पाझरणारच. ते नाल्यात पत्र्याच्या व्ही खाचेतून सोडून मोजतात. इथं नवखे हमखास फसतात. खाचेतल्या पाण्याची उंची दुप्पट झाली, की प्रवाह दुप्पट नाही, साडेपाच पटीहून जास्त होतो. आणि स्वच्छ पाझर अचानक गढूळ झाला, तर पाणी डॅमच्या कडेचा दगड-कोळसा धुऊन आणत असू शकतं.

३. नकाशावरची शेवटची तारीख वाचा.
२७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाल्यात जुन्या कामातलं पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली. २००२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत कामगारांनी शेजारच्या बंद खाणीतच भोक पाडलं. त्यांच्या हातातल्या नकाशावर ती खाण प्रत्यक्षात होती तितकी जवळ नव्हती. अडकलेले ९ जण ७७ तासांनी वर आले, हे नशीब. आपल्याकडे जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय जाता येत नाही. परवानगी मिळाली तरी पुढे बोअर मारत जावं लागतं आणि बोअर फेसच्या, म्हणजे कोळसा कापायच्या तोंडाच्या, किमान ३ मीटर पुढे ठेवावं लागतं. पण हे ६० मीटर मोजायचे कुठून? नकाशावरूनच. आणि शेवटच्या सर्व्हेनंतर कुणी कोळशाचे दोन पिलर जास्त काढले असतील, तर ते कागदावर नसतात.

४. नाकावर विसंबू नका.
साचलेल्या पाण्याला कधी सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास ज्या वायूचा, तो जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. डिटेक्टर बघा.

५. दिवाळीपर्यंत पावसाळा संपला म्हणू नका.
वर ऊन पडतं तेव्हा खाली पाणी यायला लागतं. आमच्या डॅमवरचा सगळ्यात मोठा आकडा नेहमी ऑक्टोबरातला असायचा.

६. माणसं वर काढायचा अधिकार पाणी बघणाऱ्याकडे हवा.
एकदा दुसऱ्या पाळीत काकांना नाल्यात गढूळ पाणी दिसलं. फोनवर उत्तर मिळालं, "तासभर बघा." काकांनी फोन ठेवला आणि डिपमधली, म्हणजे खालच्या उतारावरची, अकरा माणसं वर आणली. सकाळी पाहिलं, तर नाल्याचीच कड ढासळली होती, डॅम ठणठणीत. पाळीचा कोळसा बुडाला म्हणून काकांना मेमो आला. उत्तर मी लिहून दिलं, सही त्यांनी केली. दोनच ओळी होत्या: पाणी गढूळ आलं. म्हणून माणसं वर आणली.