नवा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि लांबचा पल्ला

दसरा झाला की अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार या भागातल्या गावांतून ट्रॅक्टर बाहेर पडायला लागतात. काही आपल्याच तालुक्यातल्या उजना येथील कारखान्याचा ऊस वाहतात, तर काही मुकादमाच्या टोळीबरोबर सोलापूर, कोल्हापूर किंवा कर्नाटकाकडे जातात. मागे दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरंबाळं. ट्रॅक्टर बऱ्याचदा त्याच वर्षी घेतलेला असतो, हप्ते सुरू झालेले असतात. अशा वेळी गावात एकच प्रश्न विचारला जातो, "ओढील का?" मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न मात्र दुसरा आहे, "थांबेल का?" आकडेमोड करून पाहू म्हणजे असे का ते लक्षात येईल.

१) इंजिन मुरवणे (रनिंग-इन)

नव्या इंजिनच्या लायनरवर होनिंगच्या बारीक तिरप्या रेषा असतात. पिस्टन रिंग आणि लायनर एकमेकांवर घासून नीट बसायला काही तास लागतात. या काळात पूर्ण लोड दिला तर रिंग गरम होऊन ओरखडे पडतात. उलट नुसते आयडलिंगवर ठेवले तर रिंगवर पुरेसा दाब येत नाही, लायनर गुळगुळीत होतो आणि पुढे इंजिन ऑइल खाते. म्हणून सुरुवातीला लोड मध्यम ठेवावा आणि आरपीएम बदलता ठेवावा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. त्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदलतात, कारण झिजलेल्या धातूचे कण त्या ऑइलमध्ये उतरलेले असतात.

अहमदपूरहून लातूर, औसा, तुळजापूरमार्गे सोलापूर दोनशे कि.मी.च्या आसपास आहे. ताशी २५ कि.मी. धरले तर ८ तास झाले. रिकाम्या ट्रॉल्यांसह हा प्रवास म्हणजे चांगले रनिंग-इन आहे, पण ५० तास काही त्यात भरत नाहीत. त्यामुळे पोहोचल्याबरोबर पहिल्याच खेपेला दोन्ही ट्रॉल्या शिगोशीग भरू नयेत. शक्य असेल तर दसऱ्याआधीच रानातली हलकी कामे करून तास भरून घ्यावेत.

२) ओढण्याचे गणित

समजा ट्रॅक्टर ५० एचपीचा, वजन २.५ टन आणि उसासह दोन्ही ट्रॉल्यांचे वजन १६ टन. एकूण १८.५ टन. डांबरी रस्त्यावर रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०२ धरला तर विरोध सुमारे ३.६ किलोन्यूटन येतो. २५ ला १ असा चढ लागला तर त्यात ७.३ किलोन्यूटनची भर पडते. एकूण १०.९ किलोन्यूटन. ताशी १० कि.मी. वेगाने चढायला सुमारे ३० किलोवॅट, म्हणजे ४० एचपी चाकाशी हवेत. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट वजा जाता ५० एचपीच्या इंजिनकडून चाकाशी तेवढेच मिळतात. म्हणजे ओढील, पण लोअर गिअरमध्ये, दमादमाने.

आता हुकाची उंची बघा. चढावर ट्रॉल्यांची ओढ सुमारे ९.४ किलोन्यूटन असते. हुक जमिनीपासून अर्धा मीटर आणि व्हीलबेस २ मीटर असेल तर पुढच्या चाकांवरचे सुमारे २४० किलो वजन मागे सरकते. हुक ०.८ मीटरवर नेला तर हेच ३८५ किलो होते. पुढच्या चाकांवर मुळात ८७५ किलोच्या आसपास वजन असते. ते असे कमी झाले की स्टेअरिंग हलके पडते आणि खड्ड्यात पुढचा भाग उचलला जातो. म्हणून ट्रॉली कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडावी, टॉप लिंकच्या जागी कधीही नाही. पुढे वजनाच्या प्लेटा बसवाव्यात.

३) थांबण्याचे गणित

ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि त्या चाकांवर जेमतेम १.६ टन वजन असते. घर्षण गुणांक ०.६ धरला तर जास्तीत जास्त ब्रेक फोर्स ९.४ किलोन्यूटन मिळतो. एवढ्यावर १८.५ टन थांबवायचे! ट्रॉलीला ब्रेक नाहीत आणि ड्रायव्हरला सावध व्हायला १ सेकंद लागतो असे धरून थांबण्याचे अंतर असे येते :

सपाट रस्ता, ताशी २० कि.मी. : सुमारे २७ मीटर
२५ ला १ उतार, ताशी २० कि.मी. : सुमारे ५५ मीटर
तोच उतार, ताशी ३० कि.मी. : सुमारे १२० मीटर

वेग दीडपट केला तर अंतर दुपटीहून जास्त झाले. आणि हे कोरड्या रस्त्याचे, नव्या ब्रेकचे आकडे आहेत. प्रत्यक्षात मागच्या ट्रॉल्या ढकलतात, ट्रॅक्टर आडवा होतो आणि सगळे रस्त्यावर उलटते. आता ट्रॉल्यांना ब्रेक आहेत आणि ते ट्रॉल्यांच्या वजनाच्या फक्त २० टक्के फोर्स देतात असे धरा. त्याच उतारावर ताशी २० कि.मी. वेगाला अंतर ५५ वरून १३ मीटरवर येते. ट्रॅक्टरचे एचपी वाढवून हा फरक पडत नाही.

तुळजापूरच्या घाटात, किंवा मन्याडच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या गावरस्त्यांवर म्हणूनच दोन नियम पाळावेत. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचे नाही, क्लच दाबून धरायचा नाही. दुसरे, रानात वळण्यासाठी वेगळे केलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी पट्टीने एकत्र जोडायचे. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

४) निघण्यापूर्वीची तपासणी

• चाकांचे नट : पहिल्या लोडच्या खेपेनंतर पुन्हा आवळणे. नव्या गाडीचे नट बसतात आणि सैल होतात.
• पिन आणि दांडीचे कडे : पिनेच्या जागी सळईचा तुकडा चालवू नये. कडे झिजून ढिले झाले की प्रत्येक गिअरला हिसका बसतो आणि पिनेवरचा ताण कित्येक पटींनी वाढतो. पिनेला लॉक आणि सोबत सेफ्टी चेन हवीच.
• रेडिएटर आणि एअर क्लीनर : पाचटाचा भुसा जाळीत बसला की इंजिन तापते. ऊस वाहताना दोन्ही रोज साफ करावेत.
• फॅन बेल्ट : अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मि.मी. दबावा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.
• डिझेल : १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ मानके लागू झाली. त्यासाठी आलेल्या कॉमन रेल इंजिनचे इंजेक्टर फार नाजूक असतात. गंजक्या बॅरलमधले डिझेल त्यांना चालत नाही. वॉटर सेपरेटरमधले पाणी नियमित काढावे.
• टायरची हवा : ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींची, गेज लावून. लाथ मारून हवा कळत नाही.

५) दिसणे

शेवटचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. उसाची वाढी ट्रॉलीच्या मागे लोंबते आणि टेल लॅम्प झाकून टाकते. बंद पडलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी राहते आणि मागून मोटारसायकल येऊन आदळते. अशा बातम्या दर हंगामात वर्तमानपत्रात येतात. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी लावायला टेपरेकॉर्डरच्या एका स्पीकरएवढाही खर्च येत नाही. आपल्याकडे स्पीकर मात्र चार असतात. ट्रॉलीत माणसे बसवणे तर कायद्यात बसतच नाही. टोळीला निदान लांबच्या प्रवासात तरी एस.टी.ने किंवा वेगळ्या गाडीने न्यावे, एवढे मुकादमाला सांगायला हरकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की एक काम करा. दारातल्या ट्रॉलीच्या पिनेचा व्यास मोजा, कडे किती झिजले ते बघा, ब्रेक आहेत का विचारा आणि वरच्या गणितात आपल्या ट्रॉलीचे आकडे घाला. आलेले अंतर दारापासून रस्त्यावर पावलांनी मोजून ड्रायव्हरला दाखवा. १२० मीटर म्हणजे किती लांब, हे वहीपेक्षा रस्त्यावर चांगले कळते.