पार्किंगमध्ये गाडीला कोणी ठोकलं तर? क्लेम टाकण्याआधी हे गणित मांडा

गाडीच्या खर्चावरच्या व्हिडिओत या विषयाला जेमतेम पाच मिनिटं मिळाली. इथे सविस्तर लिहितोय, कारण यातले आकडे ऐकून डोक्यात राहत नाहीत, समोर लिहिलेले दिसावे लागतात.

आपल्या बॅचमधल्या एक ताई डब्यांचा आणि लग्नाच्या ऑर्डरींचा व्यवसाय करतात. पिवळ्या पाटीची छोटी मालवाहू गाडी आहे. एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून त्या आत पंगतीच्या कामात होत्या. बाहेर येऊन बघतात तर मागचा बंपर लोंबतोय, टेल लॅम्प फुटलेला, बाजूचा पत्रा आत गेलेला. ठोकणारा कधीच पसार. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे पोहोचवायचे होतेच. त्यांचा मला पहिला प्रश्न, "सर, क्लेम टाकू ना?"

बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्न रात्री घरी बसून, वही घेऊन सोडवायचा. पार्किंगमध्ये उभं असताना काम वेगळं आहे, आणि त्याला वेळ फार थोडा मिळतो.

तिथे उभं असताना गाडी हलवायच्या आधी फोटो. जवळून एक फोटो काढून लोक थांबतात, ते पुरत नाही. आधी लांबून, म्हणजे गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या आत नीट उभी होती हे दिसलं पाहिजे. खांबाचा नंबर, आजूबाजूच्या गाड्यांच्या नंबरप्लेट, जमिनीवर पडलेली काच, आणि आपल्या पत्र्यावर दुसऱ्या गाडीचा रंग लागला असेल तर तो अगदी जवळून. घासल्याची खूण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे दाखवायला शेजारी पाण्याची बाटली उभी करून एक फोटो घ्या. हसू नका, कार होती की टेम्पो हे त्यावरून कळतं. पार्किंगची पावती खिशात कोंबू नका, तिच्यावर वेळ छापलेली असते, तिचाही फोटो.

मग सीसीटीव्ही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही, जुन्यावर नवं चढत जातं. त्यामुळे "उद्या येऊन बघतो" म्हणालात की संपलं. वॉचमन तुम्हाला क्लिप देणार नाही, त्याच्या हातातही नसतं ते, त्याच्यावर चिडू नका. मॅनेजरला गाठा आणि एवढंच मागा: "साहेब, आठ ते दहाची क्लिप तेवढी सेव्ह करून ठेवा, पोलिसांनी मागितली तर लागेल." आणि हेच त्याच मिनिटाला त्यांच्या व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. तोंडी विनंती कोणी लक्षात ठेवत नाही. लेखी मेसेज आला की तो पुसायचा धीर होत नाही.

कार्यालय असेल तर आणखी एक साधा उपाय आहे, माईकवरून पुकारा. ठोकणारा बहुधा कोणाचा तरी पाहुणा असतो. ताईंच्या बाबतीत तेच निघालं. क्लिपमध्ये नंबर दिसला, मॅनेजरने वधूपक्षाकडे चौकशी केली आणि अर्ध्या तासात माणूस कोण ते कळलं. मॉलमध्ये ही सोय नाही. तिथे नंबर मिळाला तर एमपरिवहन अॅपवर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येतं, पण गाडीचा विमा चालू आहे का ते समजतं.

ठोकणारा समोर असेल तर

तोही घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस एकतर आवाज चढवतो नाहीतर "सोडा ना दादा, एवढंसं तर आहे" म्हणतो. दोन्हीला उत्तर एकच, शांतपणे: "दादा, भांडण नको. आधी फोटो काढू, मग गाड्या बाजूला घेऊ." त्याचं लायसन्स किंवा किल्ली काढून घेऊ नका. तो अधिकार आपल्याला नाही, आणि त्यातून भलतंच प्रकरण उभं राहतं. नाव, फोन, गाडीचा नंबर, विमा कंपनीचं नाव, एवढं बस.

आणि आकडा तिथे बोलायचा नाही. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आपण दुकानात दर सांगायची घाई करत नाही, मग इथे कशाला करायची? तुम्ही अंदाजाने दोन हजार म्हणालात, तो लगेच यूपीआय करून मोकळा होतो. गॅरेजवाला बंपर उतरवल्यावर सांगतो की आतली पट्टी वाकली आहे आणि रिव्हर्सचा सेन्सर गेला आहे. आता फोन केला तर तो म्हणणार, "मिटलं होतं ना आपलं?" म्हणून: "गॅरेजचं एस्टिमेट उद्या पाठवतो, ते बघून ठरवू."

पैसे घ्यायचे ठरले तर यूपीआयने घ्या आणि छोटी चिठ्ठी करा. मजकूर असा चालेल: "अमुक तारखेला अमुक ठिकाणी उभ्या असलेल्या गाडी क्रमांक अमुकला माझ्या गाडी क्रमांक तमुकचा धक्का लागून मागील बंपर, दिवा व बाजूच्या पत्र्याचे नुकसान झाले. दुरुस्तीपोटी रुपये इतके दिले." याखाली "यापुढे एकमेकांवर काही मागणी नाही" ही ओळ त्याला हवी असते, आणि ती मागण्यात चूक नाही. फक्त ती गाडी खोलून पूर्ण बिल हातात आल्यावर लिहायची.

एक पथ्य. त्याच्याकडून पैसेही घ्यायचे आणि आपल्या विमा कंपनीकडे त्याच नुकसानीचा क्लेमही टाकायचा, हे चालत नाही. तुमचा क्लेम दिल्यावर ती रक्कम समोरच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच परस्पर मिटवलं असेल आणि ते लपवलं असेल तर क्लेम अडतो. रस्ता एकच निवडा.

तो पळून गेला असेल तर

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्या चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात २४ तासांच्या आत कळवायचं असतं. "माणसाला लागलं नाही, मग कसली तक्रार" हा समज बरोबर नाही. तुम्ही चौकीत जाऊन नोंद करा. किरकोळ नुकसानीत बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी होते, तरी तिची प्रत घ्या. त्या कागदामुळे दोन कामं होतात: सीसीटीव्ही मागता येतो, आणि नंबर सापडल्यावर समोरचा माणूस फोन उचलतो.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "त्याच्या इन्शुरन्समधून आपली गाडी करून घेता येत नाही का?" येते, पण लोकांना वाटतं तशी नाही. त्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान धरलेलं असतं. पण ते मिळवायचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. त्याच्या पॉलिसीचा फोटो दाखवला आणि शोरूमने गाडी करून दिली, असं होत नाही. भिंत फोडून ट्रक दुकानात घुसला तर जरूर त्या मार्गाने जा. बंपरसाठी वकील आणि तारखा करणं धंदेवाल्याला परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे हातात उरतात दोन गोष्टी: समोरच्याकडून थेट वसुली, किंवा आपल्याच पॉलिसीतून क्लेम. आता वही काढा.

क्लेमचं खरं गणित

वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या नूतनीकरणात ओन डॅमेज प्रीमियमवर सूट मिळते, तिला आपण एनसीबी म्हणतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला, मग तो ५ हजारांचा असो की ५० हजारांचा, की ही शिडी पुन्हा तळापासून. ठोकणारा दुसरा होता, माझी चूक नव्हती, याने काही फरक पडत नाही. ही सूट "क्लेम नाही" याची आहे, "चूक नाही" याची नाही.

समजा तुमच्या दुकानाची पांढऱ्या पाटीची कार आहे. सुटीआधीचा ओन डॅमेज प्रीमियम १०,००० रुपये आणि सध्या एनसीबी ३५ टक्के. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट, म्हणजे ५,५०० भरायचे. क्लेम केला तर पूर्ण १०,०००. फरक ४,५००. इथपर्यंत सगळे मोजतात आणि म्हणतात, "बिल ९,००० आहे, ४,५०० गेले तरी फायदाच की."

पण शिडी चढायला पुन्हा वर्षं लागतात ना! त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही ५० टक्क्यांवर असता, आता २० वर आहात: फरक ३,०००. मग ५० विरुद्ध २५: २,५००. मग ५० विरुद्ध ३५: १,५००. मग ५० विरुद्ध ४५: ५००. बेरीज करा. १२,००० रुपये, जीएसटी वेगळा. गाडी जुनी होते तसा मूळ प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण अंदाज हाच.

आता मिळणार किती ते बघा. बिल ९,०००, त्यात पत्र्याचं काम ३,००० आणि रंगकाम ६,०००. एकत्रित बिलात रंगाच्या सामानाची किंमत रंगकामाच्या २५ टक्के धरतात, म्हणजे १,५००, आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे ७५० वजा. १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीची वजावट. हातात ७,२५०. प्लास्टिकचा बंपर नवा टाकला तर त्याच्या किमतीतूनही निम्मा घसारा जातो, झिरो डेप घेतलं नसेल तर.

म्हणजे ७,२५० मिळवायला १२,००० सोडायचे. हा धंदा तुम्ही एरवी कराल का? हेच बिल ४०,००० असतं तर डोळे झाकून क्लेम करा. आणि तुमची एनसीबी मुळात शून्यावर असेल किंवा एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं असेल तर उत्तर पुन्हा बदलतं. म्हणून सरसकट "क्लेम करू नका" असं मी सांगत नाही, स्वतःचे आकडे टाकून बघा. क्लेम करायचा ठरला तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हे होईपर्यंत गॅरेजला हात लावू देऊ नका.

पिवळ्या पाटीवाल्यांनी इथे थांबा

ताईंकडे परत येतो. त्यांनी पॉलिसी पाठवली, आणि गणित मांडायची वेळच आली नाही. मालवाहू गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट आणि बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम हे वगळलेलं असतं. गाडी पूर्ण निकामी झाली तरच ते धरतात. पार्किंगमध्ये जे जे फुटतं, नेमकी तीच यादी! हे झाकायला आयएमटी २३ नावाचं जादा कलम घ्यावं लागतं. त्याचा वेगळा प्रीमियम असतो, म्हणून एजंट स्वस्त कोटेशन दाखवताना ते सोडतो. ताईंच्या पॉलिसीत ते नव्हतं. क्लेम टाकला असता तरी बंपर, दिवा, पत्र्याचा रंग यांतलं काहीच मिळालं नसतं. त्यांची दुरुस्ती निघाली ती सेव्ह करून ठेवलेल्या क्लिपमुळे: त्या पाहुण्याने एस्टिमेट बघून दोन हप्त्यांत पैसे दिले. गाडी दोन दिवस गॅरेजला होती, तेव्हाचं रिक्षाभाडं मात्र त्यांच्या खिशातून गेलं. गाडी बंद राहिल्याने बुडालेली कमाई आपल्या पॉलिसीतही मिळत नाही, म्हणून मिटवताना हा खर्च बोलून दाखवायला लाजू नका.

याच्या उलटही होतं. पांढऱ्या पाटीची कार आणि तिच्यात रोजचा माल. खाजगी कारच्या पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून. क्लेमच्या फोटोत मागच्या सीटवर पोती दिसली तर प्रश्न येणारच.

दुरुस्तीचं बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्या. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरचं इनपुट क्रेडिट मिळतं. साध्या पाच सीटच्या कारवर ते अडवलेलं आहे.

ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला आजच सांगा की पार्किंगमध्ये काही झालं, त्याने केलं किंवा कोणी त्याला केलं, तरी तिथूनच फोन करायचा, फोन केल्याबद्दल बोलणी बसणार नाहीत. धक्क्याचे पैसे पगारातून कापणाऱ्या मालकाला धक्का कधीच वेळेवर कळत नाही. तो तीन दिवसांनी कळतो, तेव्हा क्लिप पुसलेली असते.

आणि पार्किंग तुमचंच असेल तर

हॉटेल, कार्यालय, मोठं दुकान चालवणाऱ्यांनी "गाड्या स्वतःच्या जबाबदारीवर लावाव्यात" अशी पाटी लावलेली असते. ग्राहक स्वतः गाडी लावून किल्ली खिशात घालून आत गेला तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या माणसाने किल्ली घेऊन गाडी लावली तर ती गाडी तुमच्या ताब्यात आली, आणि करार कायद्याप्रमाणे तिची वाजवी काळजी घेणं तुमच्यावर आलं. दिल्लीच्या ताज महल हॉटेलमधून १९९८ मध्ये व्हॅलेला दिलेली गाडी चोरीला गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरलं. पावतीच्या मागे छापलेलं "मालकाच्या जोखमीवर" हे वाक्य दाखवून निष्काळजीपणातून सुटता येत नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा व्हॅले ठेवणार असाल तर किल्ली घेताना ग्राहकासमोर गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढायची सवय मुलांना लावा. जुना ओरखडा कोणाचा आणि नवा कोणाचा, हा वाद त्या चार फोटोंत मिटतो.