एकोणतीस चिंचोके : ऋतुमानाप्रमाणे अक्षर-अंकांचे धडे

शाळा सुरू होऊन आठवडा लोटला होता. आमच्या प्रशालेस जोडलेल्या दुसरीच्या वर्गात एका मुलाने एकपासून शंभरपर्यंत अंक एकाही ठिकाणी न अडखळता म्हणून दाखविले. वर्गाने टाळ्या वाजविल्या. आम्हांसही समाधान वाटले. मग सहज म्हणून आम्ही त्यास कोपऱ्यातील टोपलीतून एकोणतीस चिंचोके आणावयास सांगितले. टोपलीत दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधून ठेवलेल्या असतात व काही चिंचोके सुटे असतात. त्याने तीन पुरचुंड्या उचलल्या, त्यांवर नऊ सुटे चिंचोके मोजून घेतले आणि मोठ्या विश्वासाने आमच्यापुढे आणून ठेवले. ते एकोणचाळीस होते. आम्ही पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाई, एकोणतीसमध्ये तीस आहेत ना?”

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. एकोणतीस या शब्दात तीस आहेतच. मात्र ते एकाने उणे आहेत, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. शंभरपर्यंतची त्याची उजळणी ही एक लांबलचक चाल होती. चालीत एकोणतीस हा शब्द अठ्ठावीसनंतर येतो एवढेच त्याला ठाऊक होते. त्या दिवसापासून आम्ही प्राथमिक वर्गांची शिकवण्याची रीत थोडी बदलली. त्या वर्षाचा अनुभव येथे मांडावयाचा आहे.

प्रथम मराठी संख्यानामांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या बेळगाव भागात त्यांची अडचण दुहेरी आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो. म्हणजे पाच अगोदर उच्चारतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन अगोदर व पाच मागून. त्यामुळे पंचवीस ऐकून 52 लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. याउलट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात मूल जे कन्नड ऐकते, त्यात ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस व पाच, असा सरळ क्रम असतो. एकोणतीसला कन्नडात ‘इप्पत्तोंबत्तु’ म्हणतात. वीस आणि नऊ, इतके स्वच्छ. इंग्रजीचीही रीत तीच. तेव्हा घरी एक क्रम, बाजारात दुसरा आणि पाटीवर तिसरेच काही, अशा कात्रीत सहा-सात वर्षांचे मूल सापडते. मग पालक म्हणतात की मराठी शाळेत मुलाचे गणित कच्चे राहते, आणि पुढच्या जूनमध्ये ते मूल आमच्या पटावर नसते. हा प्रश्न आमच्या दृष्टीने केवळ अध्यापनाचा राहिलेला नाही.

2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असेही वाचन दिले गेले, तेव्हा बराच गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. आमच्या हाती कर्नाटक राज्याची मराठी पुस्तके असतात, त्यामुळे तो वाद आमच्या फळ्यापर्यंत आला नाही. परंतु ज्या अडचणीतून तो उद्भवला, ती अडचण आमच्या वर्गात रोजच बसलेली असते. आमचे मत असे की ‘वीस आणि पाच’ ही समजुतीची पायरी म्हणून अवश्य वापरावी, पण पंचवीस सोडू नये. आजीने दिलेले पंचवीस रुपये ओळखता आले पाहिजेत. शब्द टिकवावयाचा तर त्याच्यामागे हातात धरता येईल अशी वस्तू हवी.

वस्तू कोठून आणावयाच्या? विकतची साधने आमच्या आवाक्यातली नव्हती. या बाबतीत ताराबाई मोडक यांचा धडा जुना असला तरी आजही उपयोगी आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केल्यावर 1945 साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, व 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे काम केले. माँटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी त्यांनी भोवतालच्या बिया, पाने, शिंपले वापरले. आम्ही त्यात एवढीच भर घातली की जी वस्तू ज्या ऋतूत आपसूक येते, ती त्याच ऋतूत वर्गात आणावयाची, आणि त्या ऋतूचेच शब्द पाटीवर घ्यावयाचे.

आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाची वाट पाहतात. मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनला लागते. पहिलीच्या मुलांस हा शब्द ऐकवावा, लिहावयास मात्र सांगू नये; त्यातील ऋकार त्या वयास जड. ऋतू शब्द पुष्कळ देतो, परंतु ते सारेच सोपे नसतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ‘पाऊस’ हाच शब्द पाहा. मुलाच्या तोंडी सर्वांत अगोदर येणारा, पण त्यात मध्येच स्वतंत्र ‘ऊ’ उभा. म्हणून आम्ही ढग, सर, छत, घर, गवत या बिनकान्याच्या शब्दांनी आरंभ केला. पुढे वारा, धारा. त्यापुढे वीज, नदी. आणि जुलै उजाडता उजाडता पागोळी. ‘पागोळी’ हा शब्द कित्येक मुलांना ठाऊकच नव्हता, कारण स्लॅबच्या घरांना पागोळ्या नसतात. शाळेची जुनी इमारत कौलारू असल्याचा तेवढा एक लाभ झाला. इरले कोणी पाहिले आहे काय, असे विचारता एका मुलीने आपल्या आजोबांच्या शेतघरात ते टांगलेले असल्याचे सांगितले व दुसऱ्या दिवशी खरोखरच घेऊन आली. ते डोक्यावर घेऊन प्रत्येकाने वर्गाला एक फेरी मारली. त्यानंतर ‘इ’ हे अक्षर कोणास शिकवावे लागले नाही.

पावसाचे माप घेण्याचा उपक्रम मात्र आरंभी फसला, आणि दोष सर्वस्वी आमचा. आम्ही सरळ बाजूंची एक काचेची बरणी व्हरांड्याच्या कडेला ठेवली. सकाळी पाहतो तो ती काठोकाठ भरून वाहत होती. मुले हर्षभरित; आम्हीही क्षणभर अचंब्यात. मग लक्षात आले की बरणी पागोळीखालीच होती व साऱ्या छपराचे पाणी तिच्यात पडले होते. दुसऱ्या दिवशी ती मैदानाच्या मध्यभागी, झाड व भिंत यांपासून दूर, विटांच्या आधाराने ठेवली. रोज सकाळी प्रार्थनेनंतर दोन मुलांनी जावयाचे, पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापावयाची, पाणी ओतून टाकावयाचे व पट्टी भिंतीवरच्या तक्त्यावर चिकटवावयाची. पट्टी किती बोटे झाली, हा आकडा तिच्याखाली. एके दिवशी आम्ही बरणीशेजारी सरळ बाजूंचा एक रुंद डबाही ठेवला. रुंद डब्यात पाणी जास्त चढेल, असे सर्वांनी सांगितले. दोहोंच्या पट्ट्या सारख्या निघाल्या! पाणी डब्यात अधिक होते, उंची तीच होती. याचे कारण त्या वयात पूर्ण उमगत नाही. परंतु अंदाज चुकल्याचे नवल मुलांच्या मनात राहिले, एवढे आम्हांस पुरे वाटले.

एक नक्षत्र 13 किंवा 14 दिवसांचे असते. त्यामुळे दर पंधरवड्याच्या सुमारास तक्ता बदलावा लागे, आणि तेरा-चौदा हे अंक आपोआप पक्के होत गेले. पुनर्वसूच्या पावसास आपल्याकडे तरणा पाऊस म्हणतात व पुष्याच्या पावसास म्हातारा पाऊस. मुलांनी याची चुरसच लावली. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून, कोणाच्या पट्ट्या एकूण लांब, याचा निवाडा करण्यात एक सबंध तास गेला. तो तास वेळापत्रकात भाषेचा होता, हे आम्ही कबूल करतो.

भाद्रपदात घरोघरी एकवीस दुर्वांच्या जुड्या बांधल्या जातात. वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले असल्याने आम्ही साध्या गवताच्या काड्या घेतल्या. दहांची एक जुडी, दहांची दुसरी, आणि एक सुटी काडी. जुड्या डावीकडे व सुटी काडी उजवीकडे ठेवण्याचा नियम आम्ही येथेच घातला. तोंडाने ‘एकवीस’ म्हणताना एक अगोदर येतो, पण हाताने अगोदर विशी मांडावयाची. जीभ व हात यांचे हे भांडण मिटावयास आठवडाभर लागला. पंचवीसचे 52 लिहिणे त्यानंतर पुष्कळ कमी झाले. अजिबात थांबले, असे मात्र म्हणवत नाही.

दिवाळीच्या सुमारास सुगी येते. बेळगावच्या आसपास भाताची कापणी सुरू असते, व शेतकऱ्यांची मुले वर्गात बरीच असल्याने लोंब्यांस तोटा नसतो. एका लोंबीत किती दाणे असतील, असे आम्ही दुसरीच्या वर्गास विचारले. कोणी वीस म्हणाले, कोणी हजार. प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहिला आणि मग चार-चार मुलांस एकेक लोंबी दिली. एका गटाने एकेक दाणा मोजावयास घेतला. साठाच्या पुढे कोणीतरी शिंकले व सारे पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या गटाने दहा-दहांच्या राशी घातल्या, त्यांस शिंकेची भीती उरली नाही. त्यांच्या तेरा राशी झाल्या व सात दाणे उरले. दहा राशी मिळून एक मोठी रास करा, असे आम्ही सुचविले, तेव्हा एक मोठी, तीन लहान आणि सात सुटे असे त्यांच्यापुढे मांडले गेले. 137 ही संख्या त्या मुलांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी जमिनीवर पाहिली. रास, सूप, तूस, कोंडा, खळे, मळणी हे त्या पंधरवड्याचे शब्द. ‘खळे’ व ‘खेळ’ यांतील मात्रेची अदलाबदल मुलांनीच शोधून काढली.

संक्रांतीचे तीळगूळ आणि कन्नड शेजाऱ्यांचे एळ्ळु-बेल्ल यांविषयी येथे फार लिहीत नाही. चिमटीतले तीळ मोजण्याचा आमचा प्रयत्न मोजणाऱ्यांनीच खाऊन संपविला.

एकोणतीसचे कोडे मात्र अद्याप सुटावयाचे होते. ते सुटले रमजानमध्ये. 2025 साली हा महिना मार्चमध्ये आला होता. महिना किती दिवसांचा, असे वर्गात निघाले, तेव्हा एका मुस्लिम मुलीने सांगितले की चाँद दिसला तर एकोणतीस, न दिसला तर तीस. घरी ती ‘उनतीस’ म्हणते. आम्ही फळ्यावर तीस रेघा ओढल्या आणि रोज एक खोडत गेलो. त्या वर्षी येथे 29 रोजे झाले व 31 मार्चला ईद आली. शेवटची एक रेघ न खोडता तशीच राहिली. तिच्याकडे बोट दाखवून आम्ही विचारले, तीस व्हावयास किती उणे? “एक!” एकोणतीस म्हणजे तिसांत एक ऊन, आणि उनतीसमधले ‘उन’ही तेच. मग आम्ही सर्व एकोण शोधले : 19, 29, 39, 49, 59, 69, 79, 89. शंभराच्या आत ते आठच आहेत. नव्याण्णव तेवढे या घरात राहत नाही. ज्या मुलाने जूनमध्ये एकोणचाळीस चिंचोके आणले होते, त्याने या खेपेस तीन पुरचुंड्या उचलल्या, तिसरी सोडली, तीतला एक चिंचोका टोपलीत परत टाकला आणि उरलेले पुढे ठेवले. दोन पुरचुंड्या व नऊ सुटे असेही त्यास घेता आले असते. पण त्याने शब्दाप्रमाणे केले.

सावलीच्या उपक्रमाचा उल्लेख राहिला. एक हात लांबीची काठी मैदानात उभी करून, डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी भर दुपारी तिच्या सावलीएवढा दोरा कापावयाचा व कागदावर तारखेसह चिकटवावयाचा. बेळगावास सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमारास, बारा वाजता नव्हे. डिसेंबर अखेरीचा दोरा काठीच्या चार-पंचमांशाहून थोडा अधिक भरला, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातला अर्ध्या वितीहून थोडाच अधिक. एप्रिलमध्ये शाळेस सुट्टी लागली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आमच्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तेव्हा मैदानात कोणी नव्हते. दोन-तीन मुलांनी घरी माप घेण्याचे कबूल केले होते. जूनमध्ये त्यांतील एक मुलगी कागद घेऊन आली. त्यावर मे महिन्यातली तारीख होती, दोरा चिकटविलेला नव्हता. तेथे पेन्सिलीने एक वाटोळे शून्य काढलेले होते.