मशेरी आणि गर्भातील बालक

तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजावयाची, ती कुटून वस्त्रगाळ करावयाची आणि ती काळी पूड डबीत भरून ठेवावयाची, हा उद्योग महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील असंख्य घरांत, त्याचप्रमाणे शहरांतील श्रमिकांच्या वस्त्यांत, पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. हीच मशेरी होय. काही भागांत तिला मिसरी असेही म्हणतात. प्रारंभी ती दात घासण्यासाठी वापरली जाते. परंतु एकदा सवय जडली की सकाळच्या एका वेळेवर भागत नाही. दुपारी कामातून उठल्यावर, सायंकाळी स्वयंपाकापूर्वी, रात्री निजताना, अशी ती दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांवर चोळली जाते आणि बराच वेळ तोंडात ठेवली जाते. विडी ओढणारी स्त्री समाजाच्या टीकेस पात्र ठरते. मशेरी लावणाऱ्या स्त्रीस कोणीही नावे ठेवीत नाही. कारण मशेरी म्हणजे तंबाखू, ही जाणीवच मुळात नाही.

या समजुतीचा परिणाम केवळ त्या स्त्रीपुरता मर्यादित असता तरी तो चिंतेचा विषय झाला असता. परंतु गरोदरपणी मशेरीतील निकोटिन तिच्या रक्तातून वारेमार्गे गर्भापर्यंत पोहोचते. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील लोकसंख्येपैकी २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के, तर स्त्रियांत १७ टक्के होते. स्त्रियांमधील हे सेवन बहुतांशी धूरविरहित तंबाखूचे असते.

गरोदरपणी मशेरी का लावली जाते?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेतल्याखेरीज उपदेशाचा काहीही उपयोग होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ होते, तोंडास पाणी सुटते. मशेरी लावली की बरे वाटते, असे स्त्रिया सांगतात. गरोदरपणी हिरड्या सुजून त्यांतून रक्त येणे ही नेहमीची तक्रार. त्यावरही मशेरी हाच घरगुती इलाज मानला जातो. सकाळी शौचास साफ व्हावे म्हणून ती लावणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत, आणि निकोटिनामुळे आतड्यांच्या हालचालीस चालना मिळत असल्याने हा अनुभव अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शिवाय निकोटिन भूक मारते. शेतावर किंवा बांधकामावर दिवसभर राबणाऱ्या आणि घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीस हा गुण उपयोगाचा वाटतो; परंतु ज्या काळात तिने नेहमीपेक्षा अधिक खाणे आवश्यक असते, त्याच काळात तिचे खाणे त्यामुळे कमी होते.

मुंबईतील पाहणी

मशेरीच्या गर्भावरील परिणामांविषयीचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातूनच पुढे आला, ही गोष्ट येथील कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या गरोदर असलेल्या १,२१७ स्त्रियांची नोंद केली आणि प्रसूतीपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या व त्यांत मशेरीचे प्रमाण सर्वाधिक होते. या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन इतर मातांच्या अर्भकांपेक्षा सरासरीने १०५ ग्रॅमनी कमी भरले व त्यांचा गर्भवासाचा काळ सरासरी सहा दिवसांनी कमी आढळला. बालक २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याचा संभव १.६ पट होता. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी प्रसूती होण्याचा संभव १.४ पट, ३२ आठवड्यांपूर्वी सुमारे पाचपट आणि २८ आठवड्यांपूर्वी आठपट होता. याचा अर्थ असा की, प्रसूती जितकी अधिक अकाली, तितका तंबाखूशी तिचा संबंध अधिक दृढ. याच स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला दुसरा लेख २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या मातांमध्ये मृतजन्माचे प्रमाण सुमारे अडीचपट असल्याचे आणि सेवनाची वारंवारता वाढत गेली तसा धोकाही वाढत गेल्याचे दिसून आले.

येथे एक आक्षेप साहजिकच घेतला जातो. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया बहुधा गरीब, कमी शिकलेल्या व कुपोषित असतात. मग त्यांची बालके कमी वजनाची निपजण्याचे कारण दारिद्र्य की तंबाखू? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच संशोधकांनी मातेचे वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, वजन, पूर्वीची बाळंतपणे इत्यादी गोष्टींचा हिशेब वेगळा काढला. तो काढल्यानंतर उरलेला फरक म्हणजे हे १०५ ग्रॅम होत.

एकशे पाच ग्रॅम म्हणजे फार नव्हे, असे वाटणे शक्य आहे. तीन किलो वजनाच्या बालकास ही तूट कदाचित जाणवणार नाही. परंतु आपल्याकडे असंख्य बालकांचे वजन अडीच किलोच्या सीमारेषेवरच घोटाळत असते, आणि हा फरक सरासरीचा असल्याने काही बालकांच्या वाट्यास तो याहून बराच अधिक येतो. कमी वजनाच्या अर्भकाच्या अंगी चरबीचा थर अपुरा असतो, त्यामुळे ते लवकर थंड पडते. त्यास अंगावर नीट ओढता येत नाही. जंतुसंसर्ग झाल्यास त्याचा प्रतिकार तोकडा पडतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात अर्भकाची काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्यात ऊब, स्तनपान व जंतुसंसर्गावरील उपचार यांवर भर होता तो याच कारणांमुळे. तो प्रयोग पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमाचा भाग झाला. बालक जन्मतःच दोनशे ग्रॅमनी पुष्ट असेल, तर या साऱ्या धडपडीतील बरीचशी टळते.

धूर नाही, तरी अपाय कसा?

विडी किंवा सिगारेट यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो व गर्भास प्राणवायू कमी मिळतो. मशेरीत धूर नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. तरीही परिणाम जवळजवळ तसाच दिसतो. याचे प्रमुख कारण निकोटिन. ते हिरड्यांच्या व गालांच्या आतील त्वचेतून थेट रक्तात शोषले जाते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि गर्भाशयाकडे जाणारा रक्तपुरवठा घटवते. वार ही गर्भाची अन्ननलिका व श्वासनलिका एकाच वेळी असते. तेथील रक्तप्रवाह मंदावला की गर्भाची वाढ खुंटते. निकोटिन वार ओलांडून गर्भाच्या रक्तात उतरते आणि तेथील त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणापेक्षा अधिकही आढळते. वाढत्या मेंदूवर व फुप्फुसांवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो. तंबाखूत कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातूही असतात. कॅडमियम वारेत साठून राहते व गर्भास जस्त मिळण्यात अडथळा आणते. भाजण्याच्या क्रियेमुळे मशेरीत कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या आणखी काही द्रव्यांची भर पडते, ती वेगळीच.

मुंबईचा हा निष्कर्ष एकाकी नाही. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवण्याची स्नुस नावाची ओली तंबाखू प्रचलित आहे. तेथील जन्मनोंदींच्या अभ्यासात स्नुस वापरणाऱ्या मातांमध्ये मृतजन्माचे प्रमाण, तसेच नवजात अर्भकाचा श्वास मध्येच थांबण्याचे प्रमाण अधिक आढळले. संपन्न, सुशिक्षित व उत्तम आरोग्यसेवा लाभलेल्या समाजातही हे घडते, ही बाब दारिद्र्याच्या आक्षेपास पुरेसे उत्तर देते.

प्रसूतीनंतरही निकोटिनाचा मार्ग बंद होत नाही. मातेच्या दुधात त्याचे प्रमाण तिच्या रक्तातील प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट असते. तथापि मशेरी लावणाऱ्या मातेने अंगावर पाजू नये, असा अर्थ कोणीही काढू नये. बाहेरच्या दुधाचा धोका याहून मोठा आहे. स्तनपान चालू ठेवावे व मशेरी सोडावी.

विजेवर चालणाऱ्या सिगारेटी

अलीकडे शहरांतील तरुण वर्गात ई-सिगारेटचे आकर्षण दिसून येते. निकोटिनयुक्त द्रव विजेने तापवून त्याची वाफ ओढावयाची, हे तिचे स्वरूप. ‘यात तंबाखू जळत नाही, म्हणून अपाय नाही’ असा युक्तिवाद केला जातो. मशेरीसंबंधीच्या संशोधनाने या युक्तिवादातील उणीव पूर्वीच दाखवून दिली आहे : धूर वगळला तरी निकोटिन उरतेच. ब्रिटनमध्ये, सिगारेट काही केल्या न सुटणाऱ्या गर्भवतीस ती ओढत राहण्यापेक्षा वाफेचे साधन कमी घातक, असे सांगितले जाते. तेथील परिस्थितीत तो सल्ला समजण्यासारखा आहे. परंतु जी स्त्री मुळात धूम्रपान करीतच नाही, तिला तो लागू पडत नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी असून पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ साठवणुकीसाठी शिक्षा याहून कमी आहे.

मशेरीची स्थिती मात्र चमत्कारिक आहे. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू मिसळण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्येच मनाई केली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु बाजारातून साधी तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीस यांपैकी कोणताच नियम स्पर्श करीत नाही. कायद्याचा हात चुलीपर्यंत पोहोचत नाही. तेथे आशा कार्यकर्तीच पोहोचू शकते.

गावपातळीवर काय करता येईल?

पहिली अडचण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच आहे. गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळी ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की ‘नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर देणारीच्या दृष्टीने खरेही असते. त्याऐवजी ‘ताई, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा लावता?’ असे विचारल्यास खरी माहिती हाती येते. प्रत्येक गर्भवतीस पहिल्याच भेटीत तंबाखूविषयी विचारावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची शिफारस आहे. सोडण्यासाठी औषधांपेक्षा समुपदेशनावरच भर द्यावा, असे तीत म्हटले आहे.

मशेरी सोडल्यावर पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, शौचास होत नाही. याची पूर्वकल्पना दिली नाही तर ‘सोडल्यामुळेच प्रकृती बिघडली’ असा ग्रह होऊन डबी पुन्हा उघडते. त्यातच गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध होण्याचा संभव असतो. अशा वेळी स्त्री एक तर गोळ्या टाकून देईल, नाही तर मशेरी वाढवील. वास्तविक मशेरी वापरणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण अधिक असल्याने गोळ्यांची गरज त्यांनाच विशेष. म्हणून भरपूर पाणी, पालेभाज्या, पेरू-केळ्यासारखी सहज मिळणारी फळे आणि थोडे थोडे पुष्कळ वेळा खाणे, हा सल्ला गोळ्यांच्या बरोबरच दिला गेला पाहिजे. हिरड्यांसाठी मऊ ब्रश व कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरेशा होतात.

सासूबाईंना वगळून हे काम होणार नाही. बहुतेक घरांत मशेरी भाजणारा हात त्यांचाच असतो व त्यांची स्वतःची चार बाळंतपणे मशेरी लावूनच झालेली असतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा नातवंडाच्या वजनाची गोष्ट काढणे अधिक परिणामकारक ठरते. ग्राम आरोग्य व पोषण दिनी सासू-सुनांना एकत्र बोलावून वजनकाट्याजवळच हा विषय काढता येईल. मोफत मार्गदर्शनासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवण्यास खर्च येत नाही.

शिक्षकांचा संबंध निराळ्या वाटेने येतो. घरात मशेरी संपली की दुकानात धाडले जाते ते बहुधा शाळकरी मुलास. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे व शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, दोन्ही २००३ च्या कायद्याने दंडनीय आहे. दुकानदारास ही गोष्ट सरपंचांनी एकदा समक्ष सांगितली तरी पुष्कळ काम होते.

शेवटी एका व्यवहारी अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. सासरच्या गावातील आशा कार्यकर्तीने चार महिने समजावून सोडविलेली मशेरी माहेरी आईच्या डबीतून पुन्हा सुरू होते, कारण तेथील कार्यकर्तीस या स्त्रीविषयी काहीच ठाऊक नसते. तिच्या माता-बाल संरक्षण पत्रिकेवर मशेरीची व ती सोडल्याच्या तारखेची नोंद ठळकपणे केलेली असावी आणि ती माहेरी निघण्यापूर्वी तिकडच्या उपकेंद्रास तसे कळविलेले असावे.